हॅमचे सात डबे

डोंगरातल्या काशिदानी गावात कुरिअरची गाडी क्वचित येते, आणि आली तरी एखाद्याच दारापुढे थांबते. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मात्र ती खालच्या पुलापासून वरच्या वळणापर्यंत सातही घरांपुढे थांबली. प्रत्येक दारात ड्रायव्हरने कमरेत वाकून एकेक जड डबा दिला. डबा ओसाकातल्या बड्या दुकानाचा. वर पांढराशुभ्र कागद, कागदावर लाल दोरीची गाठ छापलेली, आणि गाठीखाली ठसठशीत अक्षरांत पाठवणाऱ्याचं नाव: काजिवारा. आत उंची हॅम.

तेत्सुरो काजिवारा आपल्या अंगणाच्या कठड्याशी उभा राहून गाडीचा हा प्रवास पाहत होता. शेवटचा डबा पोचल्यावर त्याने समाधानाने नाक शिंकरलं. चारच दिवसांपूर्वी ही सातही घरं त्याच्याकडे राबून गेली होती. त्यांचे उपकार त्याने व्याजासकट घरपोच फेडून टाकले होते. ओसाकात बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत घालवलेल्या माणसाला याहून मोठं शहाणपण सुचण्यासारखं नव्हतं.

एका सकाळीत त्याने काय करून ठेवलं होतं, हे कळायला त्याला पुढे बरेच आठवडे लागले.

काम कोझोचं होतं. कोझो नावाच्या झुडपाच्या सालीचा कागद होतो आणि काशिदानीच्या उतारावर दुसरं काही धड येत नाही. थोडी युझुची लिंबं, थोडा चहा, बाकी कोझो. थंडीत फांद्या तोडायच्या, सारख्या लांबीच्या करून मोळ्या बांधायच्या, कढईवर उभ्या रचायच्या आणि वर माणसाएवढं लाकडी पिंप पालथं घालून वाफवायच्या. पिंप उचललं की गार पाण्याचा सपका मारायचा आणि साल गरम आहे तोवर सरसर ओढून काढायची. निवली की ती काठीला अशी धरून बसते की नखं निघतील, पण साल निघणार नाही. म्हणून एका पिंपाला दहाबारा हात एकदम लागतात, आणि एवढे हात कुठल्याच घरात नसतात. म्हणून इर्जिक. काशिदानीत तिला ‘युइ’ म्हणतात. आज माझं पिंप, उद्या तुझं, परवा पुलाशेजारच्यांचं. कोण कोणाकडे किती राबलं ते कोणी लिहून ठेवत नाही आणि कोणी विसरतही नाही.

तेत्सुरोचा बाप मोकिची या युइतला मुरलेला गडी होता. अठराव्या वर्षी तेत्सुरो घर सोडून गेला, तोवर बापाने त्याला लगद्यातून कागद कसा उचलायचा ते शिकवलं होतं. गावात कसं राहायचं ते शिकवलं नव्हतं. ते काय शिकवायचं, असं त्याला वाटलं असणार. मग हॅमच्या आदल्या शरदात मोकिची वारला. तेत्सुरो अंत्यविधीला आला आणि कोठीत बापाने करून ठेवलेला कागदाचा शेवटचा गठ्ठा त्याने हातात घेतला. तो गठ्ठा क्योतोच्या शिनोदा नावाच्या कारागिराचा होता. शिनोदा जुनी चित्रं नव्या कागदावर मढवतो, आणि गेली कित्येक वर्षं त्याला काशिदानीच्या उतारावरचाच कागद लागतो. बाहेरची साल आणली की कागदाचा रंग बदलतो, आणि शिनोदाला तो रंग म्हणे बोटांनी कळतो.

तेत्सुरोने तो गठ्ठा स्वतः क्योतोला पोचवला आणि तिथेच, चहाचा पेला हातात असताना, “पुढचा मी करतो,” असं बोलून बसला. घरी येऊन बायकोला सांगितलं. मिसाओ ओसाकाची, बाजारपेठेत वाढलेली. ती म्हणाली, “तिथे लिफ्ट तरी आहे का एखादी?”

अशी ही दोघं आली. पहिल्याच हिवाळ्यात, न बोलावता, सातही घरं त्यांच्याकडे साल ओढायला आली, आणि त्या बदल्यात त्यांना हॅम मिळालं.

त्याच संध्याकाळी फोन सुरू झाले. पहिला फोन शेजारच्या फुसाएकाकूचा. ही बाई पुलाजवळ एक छोटं दुकान चालवते. तेत्सुरो लहान असताना हिने त्याचा कान पिळला होता, आणि त्याची आठवण ती अधूनमधून करून देते.

“काजिवारासान, डबा पोचला हो,” ती म्हणाली. “गोतेइनेइ नि.”

म्हणजे, केवढी ही सभ्यता तुमची. पुढचे सहाही फोन याच शब्दांवर संपले. ओसाकातल्या दुकानात हे शब्द ऐकले की माणूस खूश होऊन घरी जातो. काशिदानीत ते ऐकले की समजावं, आपल्या चपला कोणीतरी दाराकडे तोंड करून ठेवल्या आहेत.

मिसाओच्या ते आधी लक्षात आलं. “अहो,” ती म्हणाली, “गेल्या आठवड्यात या बाई तुम्हाला ‘ए तेत्सु, तोंड मिट आणि ओढ’ म्हणत होत्या. आज एकदम काजिवारासान. बढती मिळाली वाटतं.”

“सभ्यपणा असतो एकेकाचा,” तेत्सुरो म्हणाला.

पुढच्या आठवड्याभरात सातही घरांतून परतीच्या भेटी आल्या. समुद्री शेवाळाचे डबे, चहाचे डबे, एक साबणाचा संच. सगळं दुकानातलं, सगळं कागदात गुंडाळलेलं, आणि किंमत हॅमच्या इतकी जवळ की सातही जणांनी एकत्र बसून ठरवली असावी. त्याआधी, म्हणजे ती दोघं राहायला आल्यापासून, सकाळी दार उघडलं की उंबऱ्यावर मातीने भरलेला मुळा पडलेला असायचा, कधी कोबी, कधी वर्तमानपत्रात बांधलेलं लोणचं. कोणी ठेवलं ते कळायचं नाही. मुळ्याला पांढरा कागद लावून नाव लिहायची पद्धत कुठे असते. तो मुळा यायचा बंद झाला.

मग खालच्या अंगाला योनेकिचीकाकांच्या अंगणातून वाफ वर येताना दिसली. योनेकिचीकाका म्हणजे गावातल्या युइचा म्होरक्या. पिंप कधी उचलायचं ते तेच सांगतात, आणि ते म्हणेपर्यंत कोणी दोरीला हात लावत नाही. आपल्याला निरोप कसा आला नाही, याचं तेत्सुरोला नवल वाटलं. राहून गेला असेल म्हणून तो हातमोजे घालून उतरला.

“अरे वा, काजिवारासान,” काका म्हणाले. “तुम्ही कशाला त्रास घेतलात? बसा.”

चुलीजवळ गादी आली. गादीवर तेत्सुरो आला. हातात चहा आला, तोही चांगल्या पेल्यातून, ज्याच्या काठावरची सोनेरी रेघ अजून शाबूत होती. समोर सगळं गाव चिखलात उकिडवं बसून साल ओढत होतं, हसत होतं, कोणाच्या तरी सुनेच्या गाडी चालवण्यावर शेरे मारत होतं. दोनदा तेत्सुरोने उठून काठी उचलली. दोन्ही वेळा कोणीतरी ती अलगद काढून घेतली आणि म्हणालं, “छे, छे, कपडे खराब होतील.” कपडे त्याने मुद्दाम खराबच घातले होते. शेवटी पाहुण्यासारखा वाफवलेलं रताळं खाऊन तो घरी आला. आयुष्यात इतकं गोड रताळं त्याला इतकं जड गेलं नव्हतं.

उलगडा झाला तो फुसाएकाकूच्या दुकानात. तो बॅटऱ्या घ्यायला गेला होता आणि दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

“काकू, माझं काही चुकलं का?”

“तुमचं? छे. तुमचं तर फिटलं.”

“काय फिटलं?”

“सगळं. डबा आला ना.”

तेत्सुरो तसाच उभा राहिलेला पाहून तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. “मोकिचीचं आमच्याकडे पुष्कळ निघत होतं,” ती म्हणाली. “माझ्या नवऱ्याचा पाय मोडला त्या साली त्याने आमचं अख्खं पिंप उरकलं होतं. तो गेला. म्हणून आलो होतो आम्ही सगळे.”

“माझ्यासाठी नव्हता आलात?”

“तुमच्यासाठी कशाला? तुम्ही तर आत्ताच आलात.”

बॅटऱ्या तिथेच विसरून तेत्सुरो घरी आला. बापाने आयुष्यभर कोणाचं पुरतं फेडलं नव्हतं आणि कोणाकडून पुरतं वसूलही केलं नव्हतं. थोडं याचं त्याच्याकडे, थोडं त्याचं याच्याकडे, असं ते वर्षानुवर्षं लोंबतं ठेवून त्याने गाव बांधून ठेवलं होतं. पोराने येऊन, गाव राबून गेल्याच्या चौथ्याच दिवशी सगळ्यांचे हिशेब मिटवून टाकले होते, बापाचेसुद्धा. पुढच्या हिवाळ्यात काशिदानीतलं एकही घर त्याचं काही देणं लागत नव्हतं.

मार्चअखेर कागद झाला. शिनोदाने तो उजेडासमोर धरला, बोटांनी चाचपला आणि मान डोलावली. “पुढच्या वसंतातही इतकाच हवा,” तो म्हणाला. “एक वर्ष जरी चुकलं तरी मला दुसरं गाव बघावं लागेल. चित्रं तुमच्यासाठी थांबत नाहीत, काजिवारासान.” म्हणजे पुढच्या जानेवारीत पिंपाभोवती माणसं बसली नाहीत, तर कागद संपला, आणि ओसाकात लिफ्टवाल्यांची भरती चालू असते, ती बातमी मिसाओच्या भावाने आधीच कळवून ठेवली होती.

“मी परत जाणार नाही,” तेत्सुरो म्हणाला.

“मी कुठे काय म्हटलं?” मिसाओ म्हणाली.

तो कामाला लागला, पण लागला तो आपल्या पद्धतीने. आधी माफी. शहरातून मिठाईचा सुबक डबा आणला आणि योनेकिचीकाकांच्या ओसरीवर गुडघे टेकून बसला. काकांनी डब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा डब्याकडे, आणि म्हणाले, “गोतेइनेइ नि.” दुसऱ्या दिवशी दारात शेवाळाचा डबा हजर.

“माफीसुद्धा डब्यात भरून नेली?” मिसाओने विचारलं. तिला हसू आवरत नव्हतं आणि रागही येत होता.

मग त्याने ठरवलं, हातांनी फेडू. काकांच्या युझुच्या बागेत उतारावर माल चढवायची एका रुळाची गाडी आहे. तिचं इंजिन वर्षभर बंद होतं. तेत्सुरोने ते कोणाला न सांगता दोन दुपारींत उघडून, साफ करून, चालू करून दिलं. बावीस वर्षं तो हेच करत आला होता; फक्त लिफ्ट सरळ वर जाते, ही तिरकी जात होती. काकांनी गाडी चालवून पाहिली, उतरून वाकून आभार मानले आणि संध्याकाळी चहाचा डबा पाठवला, वर कागद, कागदावर गाठ. तेत्सुरोला स्वतःचंच औषध चमच्याने पाजलं जात होतं.

त्या रात्री जेवताना तो कुरकुरत होता, तेव्हा मिसाओने वाटी खाली ठेवली.

“तुम्ही नुसते देत सुटलाय,” ती म्हणाली. “मागितलंय का कधी काही कोणाकडे?”

“मागायचं काय? मला काही कमी नाही.”

“तेच तर. लोक बटण दाबायचे आणि तुम्ही जायचात. तुम्ही कोणाचं बटण दाबलंय आजवर?”

तेत्सुरोने बराच विचार केला. ओसाकात शेजाऱ्याकडून त्याने कधी छत्रीसुद्धा घेतली नव्हती. एकदा घ्यायची वेळ आली होती, तेव्हा तो भिजत गेला होता.

“मग आता शिका,” मिसाओ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो रिकामा वाडगा घेऊन फुसाएकाकूच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभा राहिला. रस्त्याने येताना त्याने तो वाडगा दोनदा कोटाच्या आत लपवला होता.

“मिसो हवा होता थोडा.” मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेलं वाटण, घरोघरी पिंपात मुरत ठेवलेलं.

“दुकानात आहे की. पुढून या, देते.”

“दुकानातला नको. तुमच्या पिंपातला हवा.”

काकूने वाडगा हातात घेतला. “माझा खारट असतो.”

“मला माहीत आहे. लहानपणी खाल्लाय.”

तिने आत जाऊन वाडगा भरून आणला आणि त्याच्या हातात दिला. तो वाकून आभार मानायला लागला तसं तिने दार लावून घेतलं. मिसो खारटच होता. पण खरा त्रास पुढेच होता, कारण आता त्याने काही परत द्यायचं नव्हतं. दिवसभर त्याचे हात शिवशिवत राहिले. शहरात गेला तर बिस्किटांच्या दुकानापुढे त्याची पावलं आपोआप मंदावायची.

“हात खिशातून काढा,” मिसाओ म्हणायची. “चला पुढे.”

एकदा मागायला सुरुवात झाल्यावर त्याने माघार घेतली नाही. शिडी मागितली. पुलाशेजारच्यांकडून धार लावायचा दगड आणला. मिसाओने कोणाकडून तरी लोणच्याचं विरजण मागितलं आणि वर ते कसं घालायचं हेही विचारायला बसली. वरच्या वळणावरच्या सेइगोकडून त्याने कोयता आणला, आणि उसनं ठेवायची त्याला आता इतकी गोडी लागली होती की तो महिनाभर नेऊनच दिला नाही. सेइगोने रस्त्यात गाठून विचारलं तेव्हा घाईने नेऊन दिला, पण देण्याआधी सवयीने धार लावली.

“हे काय?” सेइगो म्हणाला.

“जरा धार.”

“मी सांगितलं होतं?” सेइगोने कोयता घेतला आणि दार लोटलं. तो एक माणूस त्याच्या हातातून गेलाच.

नोव्हेंबरात पिंप पाहायची वेळ आली. बापाचं पिंप कोठीत आडवं पडलं होतं, आणि फळ्यांमधून बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. वाफ त्यातून शिट्ट्या वाजवत गेली असती. तेत्सुरो योनेकिचीकाकांकडे गेला. हातात काही नेलं नाही. ओसरीवर बसून म्हणाला, “काका, पिंप वाळलं. मला दुरुस्त करता येत नाही. येऊन बघाल का?”

काका आले. पिंपाभोवती एक फेरी मारली आणि एका फटीत बोट घातलं.

“मोकिचीने हे तीस वर्षं टिकवलं,” ते म्हणाले. “आणि तू एका उन्हाळ्यात वाळवलंस. पाणी भरून ठेवायचं असतं, गाढवा, एवढंही कोणी सांगितलं नाही?”

“मी विचारलंच नव्हतं कोणाला.”

‘तू’ आणि ‘गाढवा’ हे दोन्ही शब्द तेत्सुरोने घरी येऊन मिसाओला जसेच्या तसे सांगितले. “वा,” ती म्हणाली, “पदावनती झाली एकदाची.” बांबू चिरून नवे वेढे घालायला चार दिवस गेले. चारही दिवस काका शिव्या देत होते आणि चारही दिवस जेवायला थांबत होते. त्याबद्दल तेत्सुरोने काहीही पाठवलं नाही. पाचव्या दिवशी तो कोझोच्या रानात गेला आणि अंधार पडेपर्यंत नुसता तोडत राहिला. हाताला काहीतरी द्यायला हवं होतं.

जानेवारीत तो सातही घरांच्या दारात गेला. रिकाम्या हाताने. प्रत्येक दारात तेच बोलला: “मंगळवारी माझा कोझो वाफवतोय. मला माणसं कमी पडतात. या.” त्याला घाम फुटत होता, बर्फ भुरभुरत असताना. उत्तरं जशी यायची तशी आली. “बघू.” “थंडी कशी पडते त्यावर.” “सुनेला विचारते.” सेइगोने दार पुरतं उघडलंच नाही. योनेकिचीकाका म्हणाले, “हं.” त्या हंचा अर्थ लावत तेत्सुरो आणि मिसाओ तीन संध्याकाळी बसले, पण तो काही लागला नाही.

मंगळवारी उजाडायच्या आत चूल पेटली. गेल्या वर्षी चूल पेटवायलाच चार माणसं हजर होती, यंदा दोघंच. मोळ्या रचल्या, पिंप पालथं घातलं, कडेने ओली फडकी कोंबली. उन्हं डोंगरावर आली. वाफ फडक्यांतून गोडसर वासाने गळू लागली. रस्त्यावर कोणी नव्हतं. पुलाकडून एक गाडी आली आणि तशीच पुढे निघून गेली.

“दोघांनी किती ओढून होईल?” मिसाओने विचारलं.

“निवायच्या आत जेवढी होईल तेवढी,” तेत्सुरो म्हणाला. त्याने बाह्या वर केल्या आणि पाण्याच्या बादल्या ओळीने भरून ठेवल्या. “उरलेल्या पुन्हा वाफवू. पुन्हा ओढू. होळी होईल लाकडांची, होऊ दे.”

त्याने दोरीला हात घातला.

“सोड,” मागून आवाज आला. “अजून वेळ आहे. वासावरून कळत नाही तुला?”

योनेकिचीकाका कठड्याला धरून धापा टाकत उभे होते. त्यांच्यामागे फुसाएकाकू, कमरेला पदरासारखं फडकं बांधलेली, स्वतःचा बसायचा ठोकळा काखेत मारून. मग पुलाशेजारचे नवराबायको, मग खालच्या घरातली सासू आणि सून, मग मधल्या घरातले बापलेक, आणि सगळ्यांच्या मागे पुलाशेजारच्यांचा कुत्रा. सात घरांपैकी पाच आली होती. एका घरातला म्हातारा दवाखान्यात होता. सेइगो आला नव्हता.

तेत्सुरोला जे येत होतं तेच त्याने केलं. पाय जुळवून उभा राहिला, कमरेत काटकोनात वाकला आणि सुरू झाला: “एवढ्या थंडीत, आपली कामं बाजूला ठेवून, आपण सर्वांनी जे कष्ट...”

“मिझुकुसाइ,” फुसाएकाकू म्हणाली.

म्हणजे पाण्याचा वास मारणारा. साके या तांदळाच्या दारूत पाणी घातल्यावर ती जशी बेचव लागते, तसा. घरच्या माणसांशी पाहुण्यासारखं वागणाऱ्याला ही शिवी देतात. परक्याला ती कोणी देत नाही, परक्याच्या सभ्यपणाचं कोणाला काय.

“भाषण संपलं असेल तर पाणी कोण मारणार?” ती पुढे म्हणाली. “का ते पण ओसाकाहून मागवलंयस?”

सगळे हसले, सासू सर्वांत मोठ्याने. तेत्सुरो वाकलेला होता तो तसाच बादलीकडे वळला. काकांनी मान हलवली, दोरी ओढली गेली, पिंप डुलत वर चढलं आणि पांढऱ्या वाफेत क्षणभर कोणी कोणाला दिसेना. गार पाणी सपकन बसलं. मग हात. काठीचं बूड पिळायचं, साल सुटली की एका दमात शेंड्यापर्यंत ओढायची. पांढरी काठी एकीकडे, काळी साल दुसरीकडे. बोटं भाजत होती आणि पाठ गोठत होती. सुनेने मिसाओचा हात धरून पिळायची जागा दाखवली. फुसाएकाकू दर चार काठ्यांमागे तेत्सुरोच्या ओढण्यावर काहीतरी बोलत होती. दुपारी दुसरं पिंप चढलं. तिसरं उतरलं तेव्हा उन्हं कलली होती आणि साली बांबूंवर वाळत लोंबत होत्या, शिनोदाला वसंतात लागतील त्याहून थोड्या जास्तच.

रताळी खाऊन झाल्यावर सगळे उठले. जाताना पुलाशेजारचा म्हणाला, “परवा आमचं.” काका म्हणाले, “शुक्रवारी माझं. उजाडायच्या आत ये, आणि तो धारेचा दगड घेऊन ये, कोणाचा आहे तो.” फुसाएकाकूने पिंपाजवळ राहिलेला आपला ठोकळा उचललाच नाही. तेत्सुरो फाटकाशी उभा होता. द्यायला हातात काही नव्हतं, आणि त्याने ते दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.

शुक्रवारी तो काळोखातच काकांकडे पोचला. या वेळी गादी आली नाही. चहा आला तो कान तुटलेल्या पेल्यातून, आणि पिऊन होईपर्यंत काठ्यांची मोळी मांडीवर पडली होती. दुपारपर्यंत तो मान वर न करता ओढत राहिला. दुसरं पिंप उतरायच्या बेतात असताना त्याच्या खिशातला फोन वाजला. सेइगो होता.

“बायको घसरून पडलीय,” सेइगो म्हणाला. “मनगट सुजलंय. माझी गाडी सुरू होत नाही.” मग थोडं थांबून, “ये.”

तेत्सुरोने काकांकडे पाहिलं. काकांनी ऐकलं होतं. “बघतोस काय,” ते म्हणाले, “निघ.” तो ओल्या कपड्यांनीच गाडीत बसला. मनगट मोडलं नव्हतं, नुसतं मुरगळलं होतं. पण दवाखान्यात रांग होती आणि डोंगराचा रस्ता निसरडा होता. परत येईपर्यंत काकांच्या अंगणातली चूल विझली होती आणि सगळे घरी गेले होते.

जेवण झाल्यावर त्याने काकांना फोन लावला.

“काका, तुमचा अर्धा दिवस राहिला माझ्याकडे.”

“हं.”

“उद्या येतो. साली पसरायच्या असतील ना?”

“पसरल्या.”

“मग परवा? लाकडं फोडून देतो.”

“फोडलेली आहेत.”

“मग सोमवारी...”

“तेत्सु,” काका म्हणाले, “मी झोपलोय. फोन ठेव.”

पलीकडून फोन बंद झाला. तेत्सुरोने आपला खाली ठेवला.

“काय म्हणाले?” मिसाओने विचारलं.

“घेत नाहीत,” तो म्हणाला. “अर्धा दिवस अजून माझ्याकडेच आहे.”